जांभळीखाली कोणी नव्हतं

रविवार, १ नोव्हेंबर १९९८

चित्र ठरलं. ठरवलं बाबांनीच. माझ्यावर सोडलं असतं तर मी महिनाभर ठरवतच बसले असते, म्हणून तक्रार नाही.

त्यांच्या मुंबईच्या वर्गमित्राने एक पुस्तक पाठवलंय, युरोपातल्या स्त्री चित्रकारांचं. त्यात ‘सुझाना आणि दोन म्हातारे’ हे चित्र आहे. इटलीतल्या आर्तेमिझिया नावाच्या मुलीने ते १६१० साली काढलं, सतराव्या वर्षी. शिकली घरीच, वडिलांच्या हाताखाली. हे वाक्य बाबांनी मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तेवीस वर्षांची आहे आणि अजून हाताची बोटं काढताना घाबरते.

मीही घरीच शिकले. बारावीनंतर काविळीने अंथरूण धरलं, मुंबईचा प्रवेश हुकला, आणि पुढच्या वर्षी बाबा म्हणाले, कॉलेज कशाला हवं, मी आहे ना. शाळेत दिवसभर पोरांना चित्रकला शिकवून आले की मला शिकवायला बसत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: माहीत आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ.

चित्र साधं आहे. दगडी कठड्यापाशी अंघोळीला बसलेली बाई, पाय पाण्यात. कठड्यावरून दोन पुरुष तिच्यावर ओणवलेले. एक दुसऱ्याच्या कानाशी लागलाय, दुसऱ्याने ओठांवर बोट ठेवलंय. ती तोंड फिरवून दोन्ही हात वर करते आहे. बाग नाही, झाड नाही. दगड आणि वर आभाळ.

गोष्ट बाबांनी जेवताना सांगितली. बायबलमधली आहे. गावातले दोन प्रतिष्ठित म्हातारे, न्यायाधीशच, त्या बाईला अंघोळ करताना गाठतात. आमचं ऐक, नाहीतर तुला एका तरुणाबरोबर झाडाखाली पाहिलं असं सांगू. ती ऐकत नाही. ते सांगतात. लोकांचा विश्वास बसतो, तिला मारायला नेतात. तेव्हा दानिएल नावाचा एक तरुण दोघांना वेगवेगळं करून विचारतो, कुठल्या झाडाखाली? एक एक झाड सांगतो, दुसरा दुसरं. खोटं उघडं पडतं.

आई भात वाढत होती. म्हणाली, “आणि दोघांनी आधी ठरवून एकच झाड सांगितलं असतं तर?”

बाबा हसले. म्हणाले, “तर गोष्टच झाली नसती.”

मी नक्कल करायची नाही. तोच प्रसंग आपल्याकडचा करायचा, महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावरचा. मुंबईत एक संस्था पदविका नसलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवते. निवड झाली तर वर्षभर त्यांच्या स्टुडिओत काम करायला मिळतं. जानेवारीअखेर चित्र पोहोचायला हवं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

आईबरोबर सवला जाऊन आले. पाण्यावरची वाफ काढणं अवघड आहे. पांढरा रंग लावला की धूर वाटतो.

बायका परकर छातीवर बांधून उतरतात. कुणा पुरुषाला त्या वाटेने जायचं असेल तर तो लांबूनच खाकरतो, आणि खाकरणं ऐकू आलं की सगळ्या एकदम गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. बोलणं तेवढं चालूच राहतं. आई म्हणाली, तिच्या सासूच्या वेळेपासून हीच रीत आहे.

काम करायला जागा मिळाली. पोतनीसकाकांच्या घरामागची जुनी भाताची खोली. उत्तरेला मोठी खिडकी आहे, उजेड दिवसभर सारखा. काका कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, बाबांच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत आणि बाबांचे जुने स्नेही. त्यांनी आपणहून किल्ली दिली. मला ‘चित्रकारबाई’ म्हणतात. बाबा मे महिन्यात निवृत्त होतील, समितीने मुदत वाढवली तर दोन वर्षं आणखी.

आईला खोली पसंत नाही. घरीच काढ म्हणाली. घरी एवढा कॅनव्हास उभा राहील तरी का?

रविवार, ८ नोव्हेंबर

मॉडेल मिळाली. तेजश्री. आम्ही ज्यांच्याकडून दरवर्षी तांदूळ घेतो त्या दत्तारामांची मुलगी. गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. ती एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, बिरवाडीला गीताबाईंकडे खोलीवर राहते. रविवारी सुट्टी. साखरपुडा झालाय, लग्न वैशाखात. बदल्यात मी तिला तिचं एक चित्र काढून द्यायचं, नवऱ्याच्या घरी लावायला.

परकर छातीवर बांधून बसायचं म्हटल्यावर लाजली नाही. म्हणाली, “नदीवर तशीच बसतो ना आमी. पन ताई, तोंड काढा, पाय नको. पाय चिखलात सडल्यात माझं.” मी म्हटलं, पायच पाण्यात दाखवायचेत. म्हणाली, “मंग वाफ जास्ती काढा.”

रविवार, १५ नोव्हेंबर

काही जमलं नाही. ती ताठ बसते, शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारखी. मी सांगते तसा हात वर करते आणि तो हात वर केलेला हातच दिसतो. कशापासून तरी सुटू बघणारा दिसत नाही.

पोतनीसकाका येऊन बसले होते. आज तेजश्रीने तीनदा विचारलं की दार उघडं ठेवलं तर चालेल का. दारातून ऊन येतं आणि खिडकीचा उजेड बिघडतो, म्हणून मी नाही म्हटलं. मग तिला दाराकडे तोंड करून बसायचं होतं. तेही जमण्यासारखं नव्हतं. मला जरा राग आला. काका गेल्यावर विचारते, “ते सारखं येतात काय?” मी समजावलं की मॉडेलला लोकांच्या नजरेची सवय करावी लागते.

बाबांना सांगितलं की काका असले की ती आखडते. ते म्हणाले, त्यांची जागा आहे, बसू दे त्यांना.

रविवार, २२ नोव्हेंबर

आज जमलं. आधी हे लिहिते, मग जेवते.

सकाळभर तेच चाललं होतं. मग काका आले. ते मागून येऊन तिला दाखवायला लागले की दंड असा वळला पाहिजे, आणि ती एकदम वळली. मान तिकडे, खांदे इकडे, दोन्ही तळवे बाहेर. तेच! पुस्तकातल्यापेक्षा चांगलं, कारण बोटं एकसारखी नव्हती. मी ओरडले, तशीच थांब. ती थांबली. काकाही थांबले. मी भराभर काढलं. तिचे हात थरथरत होते, ते मी रेषेत येऊ दिले. इतका वेळ हात वर धरून कोणाचेही थरथरतील.

संध्याकाळी बाबांनी कागद खिडकीशी नेला आणि खूप वेळ पाहिला. त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही. आजवर माझ्या एकाही चित्रावर त्यांचा हात फिरायचा राहिला नव्हता. शेवटी म्हणाले, “हे तुझं आहे.”

मी इतकी आनंदात होते की तेजश्रीला चहासुद्धा विचारला नाही, हे आत्ता आठवलं.

रविवार, २९ नोव्हेंबर

आज तेजश्रीची बैठक नव्हती. सरस शिजवायला चूल हवी, म्हणून बाबा आणि मी सकाळपासून घरीच कॅनव्हास ताणत होतो. मधल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं. बाबा ओढत होते, मी खिळे मारत होते. मग सरस शिजवला, त्याचा एक हात, तो वाळेपर्यंत पोहे, मग पांढऱ्याचे हात. दिवेलागणीपर्यंत दोघांचीही कंबर गेली. घरभर सरसाचा वास. आईने नाकाला पदर लावला.

तेजश्रीला येऊ नकोस म्हणून निरोप द्यायचा मला काल आठवला होता. बाबा म्हणाले, पोतनीसांना सांगितलंय, ते कळवतील.

रविवार, ६ डिसेंबर

तेजश्री आली नाही. निरोपही नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि दगड रंगवत बसले. लोकांना दिलेल्या शब्दाची काही किंमत नसते.

शुक्रवार, ११ डिसेंबर

बाबा ब्रश धूत होते. पाठ माझ्याकडे होती. म्हणाले की ती मुलगी आता यायची नाही, आणि तू तिला बोलवायचंही नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, मागे एका रविवारी तिला खोलीमागे एका मुलाबरोबर पाहिलं. नको त्या अवस्थेत. पोतनीसांनी पाहिलं.

मग एक ब्रश झटकून म्हणाले, “मीही पाहिलं.”

मी विचारलं, कोणत्या रविवारी. म्हणाले, एकोणतीस तारखेच्या.

मला वाटलं ते चुकले. मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी तर आपण कॅनव्हास. ते म्हणाले, “हो, मधे जाऊन आलो मी.” आणि ब्रश पुन्हा धुवायला घेतले. ते धुवून झाले होते.

ते मधे गेले नव्हते. सरस लावताना दोघांपैकी कोणालाही सोडता येत नाही, तो थिजतो. हे त्यांनीच मला शिकवलंय.

रविवार, १३ डिसेंबर

बिरवाडीला गेले. घरी सांगितलं की टर्पेंटाइन आणायला जाते. एरवी मी आईशी कधी खोटं बोलत नाही.

गीताबाईंनी दारातच अडवलं. त्या म्हणाल्या की पोरगी रडत आली तेव्हा त्यांनी तिच्यावरच विश्वास ठेवला होता, पोतनीसांच्या बायकोला दोन शब्द सुनवायला जाणार होत्या. पण मग ऐकलं की सरांनीही पाहिलं. “त्यांच्याकडं माझा पोरगा शिकला. सर खोटं बोलनार काय? मंग आमी कोनाकडं बगायचं?” संक्रांत झाली की खोली सोडायला सांगितली आहे.

तेजश्री मागच्या पायरीवर कपडे धूत होती. मला बघून उठली नाही. मी विचारलं तेवढं सांगितलं. तिला कोणी निरोप दिला नव्हता. ती नेहमीच्या वेळेला आली, दार उघडलं तर आत फक्त पोतनीसकाका. त्यांनी हात धरला. म्हणाले, ओरडलीस तर पोराबरोबर पाहिली म्हणून सांगेन. ती ओरडली, त्यांना ढकललं आणि पळाली. तिने रात्रीच गीताबाईंना सांगितलं. म्हणून मग काकांनी आपली गोष्ट पसरवली.

“आनि त्याच्या आदल्या रविवारी तुमच्यासमोरच की,” ती म्हणाली. “तुमी म्हनालात, तशीच थांब.”

मी पायरीवर तिच्याशेजारी बसले.

तिने विचारलं, सर त्या दिवशी कुठे होते. मी म्हटलं, घरी. माझ्याबरोबर. दिवसभर.

“मंग सांगाल तसं?”

मी म्हटलं, मी बाबांशी बोलते.

ती हसली आणि पुन्हा कपडे आपटायला लागली.

मंगळवार, १५ डिसेंबर

आज मी एक गोष्ट केली. ती बरोबर होती की नाही ते कळत नाही.

सकाळी खोलीवर पोतनीसकाका आले तेव्हा मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ती मुलगी नेमकी कुठे होती हो? ते म्हणाले, “विहिरीपलीकडच्या जांभळीखाली. पोरगा कंपनीच्या निळ्या शर्टातला. आम्हाला बघून कुंपणावरून उडी मारून गेला.”

संध्याकाळी बाबांना विचारलं. मी त्यांना त्या गोष्टीतल्यासारखी संधी देत होते. मला वाटत होतं ते आंबा म्हणतील, फणस म्हणतील, काहीही म्हणतील, आणि मग मला काही बोलावंच लागणार नाही. खोटं आपोआप उघडं पडेल.

बाबा म्हणाले, “विहिरीपलीकडच्या जांभळीखाली. पोरगा कंपनीच्या निळ्या शर्टातला. आम्हाला बघून कुंपणावरून उडी मारून गेला.”

एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मला ती गोष्ट बाबांनी सांगितली होती. काकांना ती माहीत असणं शक्य नाही, ते असलं काही वाचत नाहीत. म्हणजे झाड ठरवायला हवं हे ज्याला सुचलं असेल, तो एकच माणूस आहे.

मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही खरंच पाहिलंत? ते माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, “तू चित्राकडे लक्ष दे.”

रविवार, २० डिसेंबर

हे नीट आणि खरं लिहायचं ठरवलंय. या आठवड्यात मी रोज खोलीवर गेले आणि रोज चित्र रंगवलं. पाणी झालं. दगड झाला. तेजश्रीचे हात झाले. चांगले झालेत.

बाबांनी मला समजावलं. पोतनीसांशी वाकडं घेतलं तर खोली जाईल, शाळेतली मुदतवाढ जाईल, त्यांच्या ओळखीने मुंबईला चित्र वेळेत आणि नीट पोहोचणार आहे तेही जाईल. आणि ती मुलगी काय, लग्न होऊन जाईल, चार महिन्यांत कोणी नाव काढणार नाही. ते फार हळू आणि मायेने बोलत होते. रेषा कुठे चुकली ते दाखवताना बोलतात तसे. ऐकताना मला ते बरोबरही वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

दोन म्हाताऱ्यांच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या आहेत.

रविवार, ३ जानेवारी १९९९

दत्ताराम आले. दरवर्षी ते येतात तेव्हा आतपर्यंत येतात, आईशी तांदळाच्या गप्पा मारतात. आज ओटीवर उभेच राहिले. बाबांनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

म्हणाले, “सर, गावकी बसवलीय येत्या रविवारी. साखरपुडा झाला त्या पोराकडची मानसं येनार. पोर म्हनते ता एक, नि तुमी म्हनता ता एक. तुमी दोगांनी येऊन देवळात सांगाल काय? तुमी सांगितलंत तं मी पोरीला घरात घेनार नाय. पन मला तुमच्या तोंडचं ऐकायचंय.”

ते बाबांकडे बघत नव्हते, त्यांच्या पायांकडे बघत होते. मला वाटलं आता बाबा सांगतील. इतक्या जवळून एखादा माणूस असा उभा राहिल्यावर कोणीही सांगेल.

बाबा म्हणाले, “येतो.”

सोमवार, ११ जानेवारी

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

बाबा पोतनीसकाकांच्या जीपने जाणार होते. मी आईला सांगितलं की मीही जाते आहे, एसटीने. तिने का विचारलं नाही. डब्यात पोळी भरून दिली. पोलादपूरला उतरून पुढे चढण चालत गेले, त्यामुळे पोहोचले तेव्हा सगळे बसलेले होते. पुरुष देवळात, बायका बाहेर पायऱ्यांवर. तेजश्री खांबाशी एकटी. बाबांनी मला पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. मी तिथे बसले नाही, बायकांत बसले.

गावकीचे प्रमुख कुशाबा म्हणून आहेत, खूप म्हातारे, कानाशी हात धरून ऐकतात. त्यांच्याकडे रीत अशी की ज्याला शब्द द्यायचा त्याने देवापुढचा नारळ उचलून बोलायचं. खोटं बोलून नारळ उचलणारा वर्ष काढत नाही म्हणतात. तेजश्रीला सांगितलं, तिने उचलला आणि बोलली. सगळं सांगितलं.

मग पोतनीसकाका उठले. कुशाबांनी त्यांना नारळ उचलायला सांगितलं नाही. शिकलेल्या, हुद्देदार माणसाला तसं सांगायची रीत नाही, तो अपमान होतो. काका बोलले. मग बाबा उठले. विहीर, जांभूळ, निळा शर्ट, कुंपण. मला वाटत होतं त्यांचा आवाज कुठेतरी अडकेल. अडकला नाही. ते वर्गात बोलतात तसं बोलले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

कुशाबा म्हणाले, “पोरीनं नारळ उचललान. सरांचा शब्द नारळाच्या तोलाचा. नि तो दोगांचा हाय.” पोराकडचा एक माणूस उठून टोपी झटकायला लागला. दत्तारामांनी डोकं गुडघ्यात घातलं.

मी उभी राहिले. मी म्हटलं, मला नारळ उचलायचा आहे.

गलका झाला. ही गावची नाही, हिचं काय काम, बाई माणूस, सरांची मुलगी ना ही. माझ्या शेजारी बनुबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. ती तंबाखू चोळत म्हणाली, “नारलाला काय कलतं कोन म्हाडची नि कोन हितली. उचलू दे गो तिला. खोटं बोलली तं तीच मरंल, तुमचं काय जातं?”

काही जण हसले. त्या हसण्यात मी आत गेले.

नारळ अपेक्षेपेक्षा जड होता. मी म्हटलं, “त्या रविवारी बाबा दिवसभर घरी होते. आम्ही दोघं कॅनव्हास ताणत होतो. ते पोतनीसकाकांकडे गेलेच नाहीत. त्यांनी जांभळीखाली कोणाला पाहिलेलं नाही.” आणि आदल्या रविवारी मी स्वतः काय पाहिलं तेही सांगितलं. पाहिलं आणि चित्र काढत बसले, हेसुद्धा.

पोतनीसकाका म्हणाले, मुलीचं डोकं ठिकाणावर नाही, बारावीनंतर मोठं आजारपण झालंय. कुशाबा त्यांच्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, “सर, तुमची पोरगी सांगते ता खरं काय?”

बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्या चित्राकडे बघतात तसे, चूक शोधत. मी नारळ धरून उभी होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, “ती कधी खोटं बोलत नाही.” आणि बाहेर जाऊन चपला घालायला लागले.

गावकीने तेजश्रीवरचा बोल काढून टाकला. पोराकडची माणसं म्हणाली, आम्ही घरी जाऊन विचार करतो. दत्ताराम मुलीजवळ जाऊन बसले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

जीप निघून गेली होती. बाबा आणि मी एकाच एसटीने परतलो, ते पुढे, मी मागे. महाडला उतरल्यावर ते थांबले. हायवे ओलांडताना ते लहानपणापासून माझ्यासाठी थांबतात. ओलांडून झाल्यावर म्हणाले, “हे मला एकट्याला सांगायचं होतंस.”

मी म्हटलं, मी विचारलं होतं बाबा.

“विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस.”



मंगळवार, १२ जानेवारी

खोलीला नवं कुलूप आहे. चित्र आत आहे.

बाबा शाळेत गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्या दिवशी तुम्हाला पोहे मीच दिले, दुपारचं जेवण मीच वाढलं. ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते हे मलाही ठाऊक होतं.

मी विचारलं, मग तू का बोलली नाहीस.

“मला कोणी विचारलं? तूही नाही.”

खरं आहे. महिनाभर मी समजत होते की हे जाणणारी जगात मी एकटीच आहे. आई त्या घरात होती, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग ती खाली बघून म्हणाली, “पोतनीसांच्या घरी मी हळदीकुंकवालाही एकटी जात नाही. तू चौथीत होतीस तेव्हापासून.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुझ्या बाबांना सांगितलं होतं. तेव्हाच.”

तिने खडा बाजूला काढला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. किल्ली घेताना ठाऊक होतं. बसू दे त्यांना म्हणाले तेव्हाही. निरोप कोणाच्या हाती दिला तेही. माझा तो कागद खिडकीशी नेऊन इतका वेळ पाहिला, तेव्हा ते काय बघत होते? त्यांना दिसलंच असेल. त्यांना दिसत नाही असं काही नसतं.

रविवार, १७ जानेवारी

सकाळी तेजश्री आली. पुढच्या दाराने. बाबा ओटीवर पेपर वाचत होते, ती त्यांच्यासमोरून सरळ आत आली. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. आईने चहा आणला तो मात्र उभ्यानेच प्यायली.

मी माफी मागायला सुरुवात केली. मी सगळं ठरवून ठेवलं होतं, कोणत्या क्रमाने बोलायचं ते. तिने मधेच थांबवलं.

“ता ऱ्हाऊ दे. चप्पल घाल.”

मला आधी कळलं नाही. ती मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती.

म्हणाली, गावात झालं ते गावात झालं. गीताबाईला ते अजून माहीत नाही, तिने ट्रंक बाहेर काढून ठेवली आहे. कंपनीत सुपरवायझरने लाईनवरून काढून झाडलोटीला लावलंय, बाकीच्या मुली डबा खायला शेजारी बसत नाहीत. बाजारात कापडवाल्याकडे तिच्या आईला लोक तोंडावर बोलले. आणि होणाऱ्या सासरी घरचे विचार करतायत म्हणतात, पण त्यांच्या बायकांनी अजून काही ऐकलेलं नाही.

“एकदा बोलून व्हत नाय गो,” ती म्हणाली. “त्यांनी जिथं जिथं सांगितलान, तिथं तिथं तुला यावं लागंल.”

मी म्हटलं, येते.

“सगल्या ठिकानी. नि तिथं नारल नसंल.”

मी म्हटलं, हो.

बाबांनी पेपर खाली केला होता. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं, नुसतं नाव. मी थांबले. मला खरंच वाटलं होतं ते पुढे काही बोलतील. ते बोलायची वाट बघत मी एक चप्पल घातली, मग दुसरी घातली.

आम्ही आधी गीताबाईंकडे गेलो.